खाचेतला दोरा

तपासणीवाली बाई आली तेव्हा मास्तरीणबाईंची पहिलीच भुवई चालू होती.

दिवस कांदे काढायचे होते. सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. रस्त्यावरची धूळ, गिरणीतलं पीठ आणि शेतातली वाळकी पात, सगळं एकत्र होऊन दाराच्या फटीतून आत येत होतं. मावशीची खोली गिरणीला लागून होती. आठ पावलं लांब, पाच पावलं रुंद. आत एक खुर्ची, एक आरसा, आरशाखाली फळी. फळीवर दोन कात्र्या, कंगवे, पावडरीचा डबा आणि पांढऱ्या दोऱ्याची रिळं. शेजारी गिरणी सुरू झाली की आरसा थरथरायचा आणि खुर्चीतल्या बाईला आपले दोन-दोन चेहरे दिसायचे.

अठ्ठावीस वर्षं मावशी या खोलीत उभी होती. दोऱ्याचं एक टोक दातांत, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत, मधे पीळ. मान जराशी मागे गेली की पीळ पुढे धावायचा आणि नको तो केस मुळासकट उपटून आणायचा. दोरा सारखा एकाच जागी धरून तिच्या पुढच्या दाताला खाच पडली होती. तिळाएवढी. दोरा तोंडाजवळ नेला की आपणहून त्या खाचेत जाऊन बसायचा, गाय संध्याकाळी आपल्या दावणीला जाते तसा.

तपासणीवाली बाई दारात उभी राहिली. हातात कागदांची पिशवी, पायात धुळीनं पांढरे झालेले बूट, आणि डोळ्यांवर दाट भुवया. इतक्या दाट, की मावशीचं लक्ष आधी तिथंच गेलं.

"दुकान कुणाचं?"

"अं," मावशी म्हणाली.

"परवाना आहे?"

"अंहं."

"किती वर्षं करता हे काम?"

मावशीनं मान हलवली. बोटं दाखवावीत तर दहाही दोऱ्यात अडकलेली.

"अहो, तोंडानं बोला की!"

खुर्चीतून मास्तरीणबाई बोलल्या. डोळे मिटलेले, दोन बोटांनी कपाळाची कातडी ताणून धरलेली. "त्यांच्या तोंडात दोरा आहे. भुवई झाल्याशिवाय त्या बोलत नाहीत. तुम्ही बसा."

बाई बसल्या नाहीत. मावशीनं डावी भुवई पुरी केली, दोरा सोडला, पावडर फिरवली आणि म्हणाली, "हं. आता विचारा."

बाईंनी विचारलं नाही, सांगितलं. नवा कायदा आला होता. केस कापणं, भुवया कोरणं, चेहऱ्याला लेप लावणं, नखं रंगवणं, यातलं काहीही करायचं तर परवाना पाहिजे. परवान्यासाठी परीक्षा. परीक्षा महिनाअखेरीला, मोठ्या गावी. नापास झालं तर खोलीला कुलूप.

"बाई, अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून कुणी मेलं नाही," मावशी म्हणाली.

"मग कुणी मरायची वाट बघायची का?" बाई तिच्याकडे रोखून बघत म्हणाल्या. "पलीकडच्या गावात एकीचा डोळा जाता जाता राहिला. एक टॉवेल आणि वीस जणी. मी स्वतः तिला दवाखान्यात नेलं."

मावशीनं खांद्यावरचा टॉवेल हळूच काढून घडी करून ठेवला. बाईंनी दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर अकरा नियम होते. मावशीला अक्षर येत नव्हतं, म्हणून मास्तरीणबाईंनी उठून एकेक वाचला. प्रत्येकीला धुतलेला वेगळा टॉवेल. कात्री उकळून घ्यावी. हात साबणानं धुवावेत. मावशी प्रत्येकाला मान डोलवत होती. हे सगळं होण्यासारखं होतं.

"नियम सातवा," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "ज्या दोऱ्याने केस काढावयाचे तो दोरा तोंडात धरू नये."

"मग कशात धरू? पायात?"

"तो तुमचा प्रश्न," तपासणीवाल्या बाई म्हणाल्या. "परवान्याला महिनाभर मुदत आहे. नियम आजपासून."

त्या गेल्या. मास्तरीणबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. "मावशी, दुसरी भुवई?"

मावशीनं रीळ उचललं. दोरा तोडला. हात सवयीनं तोंडाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. दारावरचा कागद वाऱ्यानं फडफडत होता.

"बाई, चार दिवसांनी या."

मास्तरीणबाईंनी चार दिवस एका बाजूचे केस कपाळावर ओढून शाळा घेतली. पोरं पाढे म्हणताना पाढ्यांकडे कमी आणि केसांकडे जास्त बघत होती.

*

संध्याकाळी घरची सगळी कांद्याच्या छपराखाली बसली होती. सगळी म्हणजे तिघं. मावशी, तिचा नवरा आणि सून. मुलगा ट्रकवर असायचा, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. सून घरात येऊन सात महिने झाले होते. बारीक अंगाची, कामाला चपळ, आणि गप्प. इतकी गप्प, की मावशीला वाटायचं, पोरगी जरा घुमीच आहे.

नवरा कांद्याची पात कापत होता. सून मोठा-बारीक निवडत होती. मावशी नियमांचा कागद सुनेपुढे धरून बसली.

"सातव्याचं राहू दे. आधी नववा वाच. तिथं काहीतरी लांबलचक होतं."

सुनेनं वाचलं, "उपकरणांचे निर्जंतुकीकरण अनिवार्य आहे. परीक्षेत याविषयी तोंडी प्रश्न विचारले जातील."

"काय करण?"

"निर्जंतुकीकरण."

"निरजन..." मावशीची जीभ दातांवर आपटली.

नवऱ्यानं विळी थांबवली. "निर्जन तुकडीकरण? म्हणजे आपला टेकडीखालचा तुकडा? निर्जन आहे खरा तो. पण त्याचा आणि भुवयांचा काय संबंध?"

"अहो, जंतू मारायचे म्हणतायत."

"मग तसं सरळ म्हणावं की. उगाच माणसाला घाबरवायचं." तो पुन्हा पात कापायला लागला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड घेऊन गेला आणि टेकडीखालच्या तुकड्यातली सगळी काटेरी झुडपं तोडून आला. सरकार कुठं काय बघायला येईल, नेम नाही म्हणाला.

सातव्या नियमाचं काय करायचं हे मावशीनं वाटेतच ठरवलं होतं. शहरात दोरा गळ्यात अडकवतात असं तिनं कुणाकडून ऐकलं होतं. तिनं दोऱ्याला फास मारून तो मानेत घातला, टोकं बोटांत धरली, पीळ घातला आणि इकडंतिकडं बघितलं. छपराखाली केस असलेलं एकच माणूस मोकळं होतं.

"हात पुढं करा."

"माझा?" नवऱ्यानं हात पाठीमागं नेला.

"तीस वर्षांत तुमच्याकडं काही मागितलंय मी?"

त्यानं हात दिला. मावशीनं मान मागे केली. दोरा गळ्यात रुतला, पीळ सटकला आणि नवऱ्याच्या मनगटावरची चिमूटभर कातडी दोऱ्यात सापडली. तो जागेवरून असा उठला की कांद्याची टोपली कलंडली.

"अगं, केस काढ, साल काय काढतेस? मी काय कांदा आहे?"

सून पहिल्यांदा हसली. तोंडावर हात धरून, पण हसली. आणि त्या हसण्यातच तिला सुचलं असावं. तिनं ढिगातला एक कांदा उचलला, उलटा केला आणि सासूपुढं धरला. कांद्याच्या बुडाशी वाळक्या मुळ्यांचा झुबका होता. बारीक, राठ, थेट भुवईसारखा.

मावशीनं कांद्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. मग फास नीट केला आणि कामाला लागली.

त्या संध्याकाळी तिनं चाळीस कांदे कोरले. पहिल्या दहांची सालं निघाली. पुढच्या दहांच्या निम्म्या मुळ्या राहिल्या. नवरा मनगट चोळत म्हणाला, "कांद्याला डोळे असते तर आज त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं असतं." आठ दिवसांनी व्यापारी माल बघायला आला. त्यानं एक कांदा हातात घेतला, बूड बघितलं, दुसरा घेतला, त्याचंही बूड बघितलं.

"काका, ही कुठली जात?"

"ही होय? ही लग्नाला निघालेली जात आहे," नवरा म्हणाला.

*

कांदे निमूट असतात. बायकांचं तसं नव्हतं.

मास्तरीणबाईंची राहिलेली भुवई कशीबशी पुरी झाली. त्यानंतर खुर्चीत बसली गिरणीवाली. धिप्पाड बाई, केसांपासून पापण्यांपर्यंत पिठानं पांढरी. तिच्या लेकीचं लग्न महिनाअखेरीनंतर पाचव्या दिवशी ठरलं होतं आणि त्याआधी मुलाकडची चार माणसं चहाला येणार होती.

"ये, बस. गळ्यातून करायला लागलेय आता."

"कुठूनही कर बाई, भुवई डोळ्यावर राहिली म्हणजे झालं," गिरणीवाली म्हणाली, आणि डोळे मिटताच बोलायला लागली. अठ्ठावीस वर्षं ती अशीच बोलत होती. सगळ्याच बोलत होत्या. नवऱ्याचं, दिराचं, चुलीमागं लपवलेल्या डब्याचं, न पाठवलेल्या पत्राचं. मावशीच्या तोंडात दोरा असायचा. दोरा असलेलं तोंड विचारत नाही, टोकत नाही, हसत नाही, आणि बाहेर जाऊन बोलतही नाही. गावातल्या बायकांचं निम्मं पोट त्या खुर्चीत हलकं व्हायचं.

"...तर ती माझी जाऊ, मावशी, सोन्यासारखी बाई. लग्नात सगळं तीच बघणारेय. माझ्या मनात तिच्याबद्दल कधीच काही नव्हतं..."

"पण तू तर म्हणाली होतीस की ती साखरेत रवा मिसळून देते," मावशी म्हणाली.

शेजारी गिरणीचा पट्टा तेवढा फटफटत होता.

गिरणीवालीनं एक डोळा उघडला. "ते मी नऊ वर्षांपूर्वी म्हणाले होते."

"हो. कांद्याचेच दिवस होते."

"तुझ्या लक्षात आहे?"

"लक्षात न राहायला काय झालं? कान कुठं बांधले होते?"

मावशीला बोलताना मान हलवायची सवय नव्हती आणि मान हलवताना बोलायची सवय नव्हती. दोन्ही एकदम झालं. दोरा आडवा गेला. गिरणीवालीच्या उजव्या भुवईचा मधला घास निघाला. करंगळीच्या पेराएवढा, स्वच्छ.

गिरणीवालीनं आरशाला नाक लावून बघितलं. मग म्हणाली, "मावशी, ही भुवई आहे की तुटलेला बांध?"

मावशीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं काजळाच्या कांडीनं बांध बुजवला. पण चहाच्या दिवशी ऊन होतं, घाम आला, काजळ ओघळलं आणि मुलाच्या आईनं विचारलं, "अय्या, लागलं का हो तुम्हाला?" दुसऱ्या दिवसापासून गिरणीवालीनं गिरणी आणि खोली यांच्या मधल्या खिडकीचं दार लावून घेतलं. त्या खिडकीतून रोज दुपारी एक कप चहा इकडं यायचा, तो बंद झाला.

आणि गावात दोन गोष्टी पसरल्या. एक, मावशीचा हात बिघडला. दुसरी, हळू आवाजात, जी पहिलीपेक्षा वाईट होती: मावशीचं तोंड मोकळं झालं, आणि तिच्या सगळं लक्षात आहे.

चार दिवस खुर्ची रिकामी राहिली. परीक्षेला अकरा दिवस उरले.

*

पाचव्या दिवशी दुपारी सून जेवणाचा डबा घेऊन आली. डबा ठेवला आणि परत न जाता खुर्चीत बसली.

"आई, माझ्या करा."

मावशी बघत राहिली. सात महिन्यांत या पोरीनं कधी भुवयांना हात लावू दिला नव्हता. "बिघडल्या तर?"

"परत येतात. गवतच आहे."

मावशीनं साबणानं हात धुतले, नवा दोरा तोडला, फास मानेत घातला. सुनेनं डोळे मिटले नाहीत. ती बघत होती.

"आई, रागवू नका. तुम्ही मान मागं नेता. दातांत दोरा असताना ते बरोबर होतं. आता फास मानेतच आहे. मान स्थिर ठेवा, नुसती बोटं उघडा आणि मिटा. उजव्या हाताची आधी."

"तुला कसं ठाऊक?"

"रोज डबा घेऊन येते ना. दारात उभी राहून बघते."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

सुनेनं नजर आरशाकडं वळवली. मग म्हणाली, "तुम्हीच बोलत नव्हता. पहिल्या दिवशी मी आले, तुम्हाला विचारलं, आई, मला शिकवाल का. तुम्ही नुसतं 'अं' म्हणालात. नंतरही सारखं अं नाहीतर अंहं. मला वाटलं, आईंनी माझ्यावर दात धरलाय."

मावशीचे हात खाली आले. तिनं डोळे बारीक केले, त्या दिवसाची आठवण काढली. कुणाचीतरी अर्धी भुवई हातात होती खरी. घरी गेल्यावरही सवयीनं तोंडात दोऱ्याचा तुकडा असायचा, भांडी घासताना, निवडताना, झोपेपर्यंत.

"अगं वेडे," ती म्हणाली, "दातात दोरा धरला होता गं, दात नव्हता धरला!"

आधी सून हसली की सासू, सांगता येणार नाही. खुर्ची करकरायला लागली. पलीकडं गिरणी बंद होती, त्यामुळं हसणं खिडकीतून पार गेलं, आणि बंद दारापलीकडं कुणीतरी हातातलं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

त्या दुपारी मावशी बोलली. अठ्ठावीस वर्षांचं साचलेलं बोलली. बोलता बोलता बोटं उघडली, मिटली. सुनेची डावी भुवई झाली. दोघींनी आरशात बघितली. धनुष्यासारखी वगैरे नव्हती, पण चांगली होती. घरंदाज.

"आता उजवी."

"नाही," सून म्हणाली. "परीक्षेला आपलं माणूस न्यायचंय. उजवी तिथं. दोन्ही आज केल्या तर त्या दिवशी काय कोराल, कपाळ?"

मग अकरा दिवस सून एक भुवई कोरलेली आणि एक दाट अशी गावातून पाण्याला, दुकानाला, शेताला गेली. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक सासरची आहे, एक माहेरची." मुलगा ट्रकवरून आला तेव्हा दारातच थबकला. बापाला हळूच म्हणाला, "हिला काय झालं?" बाप म्हणाला, "गप बस, नाहीतर हात पुढं कर म्हणतील."

रोज संध्याकाळी कांदे आणि तो शब्द. सुनेनं शब्दाचे चार घास केले. निर. जंतु. की. करण. एकेक घास नीट चावून गिळायचा. मावशी पात कापताना म्हणायची, पाणी ओढताना म्हणायची. नवरा झोपेत म्हणायला लागला. मावशीच्या मात्र तिसऱ्या घासाला ठसका लागायचा.

*

परीक्षा एका मोठ्या दालनात होती. भिंतीला लागून तीस खुर्च्या, तीस आरसे. शहरातल्या पोरी एकसारखे पांढरे झगे घालून आल्या होत्या, हातात चाकांच्या पेट्या. मावशीच्या पिशवीत दोन कात्र्या, धुतलेले सहा टॉवेल, साबण, रिळं आणि उकळलेल्या पाण्याची बाटली होती.

नोंदणीच्या टेबलावर कारकुनानं विचारलं, "नाव?"

मावशीनं नाव सांगितलं. बरोबर आलेल्या नवऱ्यानं चमकून तिच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती, त्यानंही नाही. "चांगलं आहे की," तो पुटपुटला.

तोंडी परीक्षेला समोर तीच तपासणीवाली बाई होती.

"कात्री वापरण्याआधी काय कराल?"

"उकळत्या पाण्यात ठेवीन. मग कोरड्या फडक्यावर वाळवीन. पुसायची नाही, पुसलं की फडक्यातलं परत लागतं."

"टॉवेल?"

"एकीचा दुसरीला नाही. सख्ख्या बहिणी असल्या तरी नाही."

"दोरा?"

"एक चेहरा, एक दोरा. मग कचऱ्यात."

बाईंनी मान हलवली. "या सगळ्याला काय म्हणतात?"

मावशीच्या घशात तो शब्द उभा राहिला. पहिला घास. दुसरा घास. तिसऱ्याला तिनं दालनाच्या दारात बघितलं. तिथं सून उभी होती आणि ओठ हलवत होती, आणि तिच्या खांद्यामागं नवराही ओठ हलवत होता, चुकीचे.

"बाई," मावशी म्हणाली, "आमच्यात याला घरचं वळण म्हणतात. तुमच्यात निर्जंतुकीकरण."

शब्द आला. सबंध, एका दमात. मावशी स्वतःच इतकी दचकली की तिनं तो पुन्हा एकदा म्हटला. "निर्जंतुकीकरण!" शेजारच्या चार टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली.

"पुरे, कळलं," बाई म्हणाल्या. ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा झाला, पण लगेच जागेवर गेला.

मग हातचं काम. सून खुर्चीत बसली. मावशीनं हात धुतले, फास मानेत घातला. मान खांबासारखी. बोटं उघडली, मिटली. दालनात तीस कामं चालली होती, पण तिला फक्त ती उजवी भुवई दिसत होती, जिची तिनं अकरा दिवस शेतासारखी राखण केली होती. निम्मं काम झालं आणि पाठीमागून आवाज आला.

"थांबा."

तपासणीवाल्या बाई जवळ आल्या. "तुमच्या तोंडात काहीतरी आहे. जबडा हलतोय."

"नाही बाई."

"तोंड उघडा."

सगळं दालन थांबलं. शहरातल्या पोरी माना लांब करून बघायला लागल्या. सुनेनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. आयुष्यात एवढ्या माणसांसमोर मावशीनं तोंड उघडलं नव्हतं. तिनं उघडलं.

आत काही नव्हतं. जबडा आपला रिकामाच दाबत होता, सवयीनं. बाई वाकल्या. त्यांची नजर पुढच्या दातावर गेली, तिथंच थांबली.

"ही खाच कसली?"

"दोऱ्याची, बाई."

"दोऱ्यानं दात झिजतो?"

"अठ्ठावीस वर्षांत झिजतो."

बाई सरळ झाल्या. काही वेळ त्या हातातल्या कागदावर पेन टेकवून उभ्या राहिल्या, लिहिलं मात्र काही नाही. "पुरी करा भुवई," त्या म्हणाल्या, आणि यावेळी आवाज खाली आला होता.

मावशीनं पुरी केली. डावी आणि उजवी एकमेकींकडे बघून हसाव्यात तशा दोन्ही बसल्या. शेजारच्या पांढऱ्या झग्यातली एक पोरगी म्हणाली, "आजी, माझ्या पण कराल?"

"रांगेत ये," नवरा दारातून म्हणाला.

*

परवाना काचेत बसवून आरशाच्या वर लावला. गिरणी सुरू झाली की तोही थरथरायचा. बायका आल्या. सुनेच्या दोन्ही भुवया गावानं बघितल्या होत्या, त्यामुळं हाताबद्दल शंका उरली नव्हती. पण खुर्चीत बसल्या की त्यांची जीभ जागची हलत नव्हती. हवा-पाणी बोलायच्या. भाव बोलायच्या. डोळे मिटून, ओठ मिटून बसायच्या आणि भुवई झाली की उठून जायच्या. मावशीला चुकल्यासारखं व्हायचं. हात चालायचे, पण खोली मुकी झाली होती.

चौथ्या दिवशी मधल्या खिडकीचं दार उघडलं. आधी चहाचा कप आला, मग गिरणीवाली. भुवईचा बांध भरून आला होता.

"उद्या लेकीचं लग्न आहे. कर. पण तू काही बोलायचं नाहीस."

"नाही बोलत."

"लक्षात पण ठेवायचं नाही."

"ते कसं जमेल?"

गिरणीवाली बसली. ओठ घट्ट. मावशीनं फास मानेत घातला. सून आता खोलीतच असायची, टॉवेल उकळायला आणि शिकायला. ती कोपऱ्यातून बघत होती. गिरणीवालीच्या डोळ्याच्या कडेला पाणी आलं, आणि ते केस उपटल्याचं नव्हतं. लेक उद्या जाणार होती. सांगायचं खूप होतं. पोटात मावत नव्हतं आणि तोंडातून निघत नव्हतं.

मावशीनं हात थांबवला. रिळातून बोटभर कोरा दोरा तोडला आणि दातात, त्या खाचेत ठेवला. दोरा जागेवर बसला. मग गळ्यातला दोरा पुन्हा बोटांत घेतला.

गिरणीवालीनं एका डोळ्यानं ते बघितलं. तिची छाती खाली-वर झाली. "तर मावशी," ती म्हणाली, "काय झालं माहितीये..."

आणि बांध फुटला.

तेवढ्यात दारात सावली पडली. दाट भुवया, धुळीचे बूट. तपासणीवाली बाई. परवान्यानंतरची फेरी असते ती, न सांगता.

"तोंडात दोरा!" बाई म्हणाल्या. "चार दिवस झाले परवान्याला! नियम सातवा!"

मावशीनं मान वर केली. बोलावं तर दोरा, आणि दोरा काढावा तर गिरणीवालीचं निम्मं मन बाहेर आलेलं. ती म्हणाली, "अं."

पुढं आली ती सून. एके काळी घुमी वाटलेली. "बाई, नियमात काय लिहिलंय? ज्या दोऱ्यानं केस काढायचे तो दोरा तोंडात धरू नये. केस काढायचा दोरा हा गळ्यात आहे. बघा."

"आणि तोंडातला?"

"तो काम करत नाही."

"मग काय करतो?"

"तो ऐकतो."

बाईंनी दारावरचा कागद वाचला. बोट ठेवून, एकेक शब्द, दोनदा. मग खुर्चीतल्या गिरणीवालीकडं बघितलं, जिचे गाल ओले होते आणि चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. बाईंनी आपल्या वहीत लिहिलं: टॉवेल स्वच्छ, कात्री स्वच्छ, दोरा नियमाप्रमाणे. वही मिटली. पण गेल्या नाहीत.

गिरणीवालीचं झालं. ती नाक पुसत उठली, आरशात दोन-दोन भुवया बघून खूश झाली आणि म्हणाली, "उद्या सगळ्यांनी यायचं. बाई, तुम्ही पण. साखर माझ्या हातची आहे, जावेच्या नाही."

खुर्ची रिकामी झाली. तपासणीवाल्या बाईंनी एकदा रस्त्याकडं बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं, नुसता वारा होता. त्यांनी कागदांची पिशवी फळीवर ठेवली.

"तुम्हाला वेळ आहे का?" त्या म्हणाल्या. "माझ्या जरा... दाट आहेत."

"पहिल्या दिवसापासून बघतेय," असं मावशीच्या मनात आलं, पण ती बोलली नाही. तिनं हात धुतले. सुनेनं नवा टॉवेल दिला. एक दोरा मानेत गेला. मावशीनं दुसरा, बोटभर, हातात धरला आणि बाईंकडं बघितलं: हवा का?

बाई खुर्चीत मागं टेकल्या. बूट काढले. डोळे मिटले.

"हवा," त्या म्हणाल्या.

सून बाहेर आली आणि दार लोटून घेऊन उंबऱ्यावर टॉवेलांच्या घड्या करत बसली. आतून बाईंचा आवाज येत होता, आधी अडखळत, मग सलग, मग एकदा हसण्याचा. काय बोलल्या ते तिला गिरणीच्या आवाजात कळलं नाही. मावशीला कळलं. पण मावशीच्या तोंडात दोरा होता.